चिंचेच्या पाल्याचा बंदोबस्त

मस्तगड, जालना
२२ मे १९३६

ती. दुर्गावन्संना द्वारकेचा नमस्कार.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. खरं लिहावं की नाही ते ठरत नव्हतं, म्हणून उत्तर राहिलं. आता पाऊस तोंडाशी आला, मंग लिहायलाच बसले.

मागच्या श्रावणात तुमच्या दादांचा पाय मुरगळला, असं मी कळवलं होतं. मुरगळला हे खरं. कसा, ते लिहिलं नव्हतं. ते शिडीवरून पडले होते. पन्हळीतला पाला काढायला पत्र्यावर चढले, उतरताना शिडी सरकली. हौदाच्या दगडी काठावर डोकं आपटायचं ते थोडक्यात चुकलं. मी धावत गेले तर पडल्या पडल्या मला म्हणतात, “दुर्गीला कळवू नको. ती पत्रातून रागावते, आणि ते पत्र दोनदा वाचावं लागतं.”

आपलं घर तुम्ही पाहिलंय. मागच्या परसातली चिंच आता पार छपरावर आलीय. पत्र्याच्या कडेनं पन्हळ आहे, तिचं पाणी अंगणातल्या हौदात येतं. विहिरीचं पाणी असं खारं की त्यात डाळ शिजत नाही; हौद भरला तरच दिवाळीपर्यंत वरणाची चिंता मिटते. पण चिंच मेली रोज पाला ढाळते. पन्हळ तुंबली की पाणी उलटं फिरून स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीत मुरतं. मागच्या वर्षी ती भिंत फुगली होती.

म्हणून हे चढतात. एकदा नाही, दिवसातून तीन-तीनदा. करोडगिरीच्या जकातनाक्यावरून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, दरमहाचा वजीफा सुरू झाला, आता निवांत बसावं की नाही? तर यांचं ध्यान पन्हळीत. पाऊस नाही, वारा नाही, तरी सकाळी चहा झाला की शिडी लावतात. शेजारच्या झुंबरबाई काल म्हणाल्या, “काय हो वहिनी, तुमच्या नाकेदारांनी जमिनीवरचा मुक्काम हालवला का?” मी वरवर हसले. साठी उलटलेला माणूस, पत्र्यावर, ओल्या पायानं.

तुम्ही शिकलेल्या. पुण्यात पन्हळीवर काही झाकण बसवत असतील. आमच्यासारख्या पाल्याच्या घराला काय घ्यावं ते पाहून कळवा. मी विचारलं हे त्यांना लिहू नका.

द्वारका

·

सदाशिव पेठ, पुणे
२९ मे १९३६

सौ. द्वारकावहिनींना दुर्गेचा नमस्कार.

आधी रागावते, मग कामाचे लिहिते. माणूस शिडीवरून पडला आणि तुम्ही पाय मुरगळल्याचे लिहिता. उद्या घराला आग लागली तर चुलीला धग जास्त झाली असे लिहाल. यापुढे दादाला दुखले तर कुठे, कसे आणि किती ते लिहावे. तो नको म्हणाला तर जरूर लिहावे.

आता पन्हळीचे. मी कॅम्पातले बंगले पाहून आले. एका ठिकाणी पन्हळीत काथ्या ठासून भरला होता. तो पाला अडवतो आणि मग पाल्याबरोबर स्वतःही कुजतो. तो विचार सोडून द्या. दुसऱ्या ठिकाणी पन्हळीच्या तोंडाशी तारेचा गोळा होता. त्याने नळ तुंबत नाही, पण पन्हळ तुंबते, म्हणजे चढणे आलेच. तिसऱ्या बंगल्यावर साऱ्या पन्हळीवर पितळी तारेची जाळी ताणून बसवली आहे. माळी म्हणाला, दोन पावसाळ्यांत वर पाहावे लागले नाही. हेच योग्य. बोहरी आळीतून बारीक जाळी घेऊन रेल्वे पार्सलने पाठवली आहे. खर्चाचे बोलू नका.

चिंच तोडा असे मी म्हणणार नाही. पत्र्याखाली वैशाख काढायचा तर ती हवी. पण छपरावर टेकलेली फांदी छाटून घ्या.

जाळी माझ्याकडून आली असे दादाला सरळ सांगा. लपवाछपवी मला जमत नाही, तुम्हालाही जमत नाही. फक्त तुम्ही ती करता.

दुर्गा

·

मस्तगड, जालना
२६ जून १९३६

ती. वन्संना नमस्कार.

पार्सल पोचलं. पत्र्याचं काम करणाऱ्या बद्रीनाथला बोलावून जाळी बसवून घेतली. फांदीही छाटली. यांनी खाली उभं राहून सगळं पाहिलं. म्हणाले, “नाक्यावर उभी हयात गेली आणि आता माझ्या पन्हळीवर पुण्याचा पहारा! बसवा, बसवा.” मंग घरात जाऊन बसले.

परवा पहिला दणदणीत पाऊस झाला. मी मोठ्या कौतुकानं अंगणात उभी. वन्सं, चिंचेचं पान केवढं ते तुम्हाला ठाऊक आहे, नखाएवढं. मोठं पान जाळीवर पडून वाऱ्यानं उडालं असतं. हे बारीक पान एकेका भोकात जाऊन बसलं, वर दुसरं बसलं, आणि बघता बघता जाळीवर घोंगडीसारखा थर झाला. पाणी हौदात येईना. ते घोंगडीवरून सरळ पलीकडं गेलं आणि झुंबरबाईंनी रचून ठेवलेल्या गोवऱ्यांवर पडलं.

मंग काय विचारता! “नाकेदारीणबाई, तुमच्या पन्हळीला पितळंचा दागिना, अन् माझ्या गोवऱ्यांचं शेण करून ठेवलं!” मी म्हटलं, “अहो, आधी शेणच होतं.” आता त्या माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण भिंतीकडं पाहून.

आणि हे? मी समजले, रागावतील. तर पाऊस थांबायच्या आत छत्री टाकून शिडी लावली आणि वर गेले. वरून हाक मारतात, “अगं, दुर्गीला लिही, तिची जाळी बिलकुल बेकार!” इतके खूश मी त्यांना वजीफा मंजूर झाला त्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं. भावाबहिणीत अशी ईर्ष्या बरी नव्हे. मी खाली शिडी धरून भिजत उभी होते.

तुमच्याकडून चूक झाली असं मी म्हणत नाही. पण दुसरं काही असेल तर जल्दी कळवा. आषाढ कोरडा जायचा नाही.

द्वारका

·

सदाशिव पेठ, पुणे
४ जुलै १९३६

सौ. वहिनींना नमस्कार.

चूक झालीच. बंगल्यावर आंबा होता, चिंच नव्हती. माळ्याला विचारले, झाडाला विचारले नाही. दादाला सांगा, त्याचा आनंद रास्त आहे.

या वेळी आधी करून पाहिले. चिंचेचा पाला मी शाळेच्या आवारातून पिशवी भरून आणला. माझ्या जागी आलेल्या नव्या मुख्याध्यापिका खिडकीतून पाहत होत्या. काय हवे ते त्यांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही. मग माझ्या पडवीच्या पन्हळीवर एकेक प्रकार लावून वरून घागरीने पाणी ओतले. खालचे बिऱ्हाड म्हणू लागले की बाईंनी निवृत्तीनंतर अनुष्ठान धरले आहे. जाडी जाळी लावली तर पान आत जाते. बारीक लावली तर तुमची घोंगडी होते. पत्र्याला भोके पाडली तर तेच. तेव्हा भोक हा विचारच चूक आहे.

तांब्यातून पाणी हळू ओतले की ते काठ सोडत नाही, वळून तांब्याच्या पोटावरून ओघळते. हे आपण रोज पाहतो आणि वैतागतो. त्याचाच उपयोग करायचा. पन्हळीवर अखंड पत्रा टाकायचा, आणि त्याची बाहेरची कड गोल वळवून पन्हळीच्या आत घ्यायची. फट करंगळीएवढी. पाणी पत्र्यावरून येते, कडेला धरून वळते आणि पन्हळीत जाते. पाल्याला वळता येत नाही, तो सरळ खाली पडतो. मी दोन दिवस पाहिले. घागरीमागे चार पानेसुद्धा आत गेली नाहीत.

कागदाचा नमुना सोबत आहे. बद्रीनाथला तो पत्र्यावर ठेवून कापायला सांगा. त्याने स्वतःची अक्कल कडेला वापरू नये. पाला आता झुंबरबाईंच्या बाजूला पडणार नाही, आपल्याच अंगणात पडेल. तो केरसुणीने झाडता येतो. शिडी लागणार नाही. ती घरातून हलवा.

दुर्गा

·

मस्तगड, जालना
२९ जुलै १९३६

ती. वन्संना नमस्कार.

आधी चांगलं लिहिते. तुमचा पत्रा अगदी बराबर बसला. बद्रीनाथ कागद पाहून म्हणाला, “पुण्याच्या बाईंनी पत्रा कापून पाठिवला, आता मी काय घरी जाऊन भाकरी थापू?” पण नमुन्याबाहेर गेला नाही. तीन मोठे पाऊस झाले. हौद काठोकाठ भरला, तळ दिसतो इतकं पाणी नितळ. भिंत कोरडी आहे. शिडी मी झुंबरबाईंच्या माळ्यावर ठेवून आले. त्या निमित्तानं त्या पुन्हा माझ्याकडं पाहून बोलू लागल्या. रात्री मला झोप लागते. मला वाटलं होतं, आता सारं झालं.

पण वन्सं, तुम्ही खरं लिहायला सांगितलंय, म्हणून लिहिते. यांचं काहीतरी बिनसलंय. ताप नाही, खोकला नाही. पत्रा बसल्यावर पहिल्या पावसात दोन-चार वेळा अंगणात गेले, वर पाहिलं, पाणी नीट वाहतंय हे पाहून परत आले. आता जातही नाहीत. आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून असतात. वरण-भात आवडीचा, आता तर डाळ लोण्यासारखी शिजते, तरी अर्ध्यातून उठतात. मी म्हटलं, “पन्हळ कशी झकास चाललीय!” तर म्हणाले, “चाललीय ना. मंग झालं.” दाढी आठवडाभर वाढली. नाक्यावर असताना एक दिवस चुकली नव्हती.

काल टेंभुर्णीचा पुंजाराम गाडीवान दारात उभा. यांना तो नाक्यावर असल्यापासून ओळखतो. म्हणाला, “वहिनीसाहेब, नाकेदार गावाला गेलेत का? छपरावर दिसंनात.” मी म्हटलं, घरातच आहेत. “मंग आवाज का न्हाई?” मी म्हटलं, जरा पडलेत. त्यानं बैलांची तोंडं कुरवाळली, आणि “सांगा, पुंजा आल्ता म्हणून,” असं म्हणून गेला. मी यांना सांगितलं तर विचारतात, “गाडीत काय होतं?” मी काही पाहिलं नव्हतं. यांनी कूस बदलली. गाडीवानाला आमच्या छपराशी काय करायचंय आणि यांना त्याच्या गाडीशी, मला तर कळेना.

काय करू?

द्वारका

·

सदाशिव पेठ, पुणे
३ ऑगस्ट १९३६

सौ. वहिनींना नमस्कार.

काळजी करू नका. शरीराला कष्टाची सवय होती, ती एकदम सुटली, म्हणून भूक मेली. रोज सकाळ-संध्याकाळ फिरायला पाठवा. वाचनालयात पाठवा. च्यवनप्राशाची बरणी धाडत आहे, रोज एक चमचा, वर गरम दूध. दादाला मी स्वतंत्र पत्र लिहिले आहे. त्यात रागावले आहे, म्हणजे तो दोनदा वाचील.

शिडी कोणत्याही परिस्थितीत परत आणू नका.

दुर्गा

·

जालना
मेहेर, १३४५ फसली (तुझा ऑगस्ट)

चि. दुर्गीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं.

तब्येत बिलकुल ठीक आहे. तुझ्या वहिनीला माणूस गप्प बसला की आजारी वाटतो. तुझा पत्रा उत्तम आहे. एक पान आत जात नाही. इतका बंदोबस्त मला नाक्यावर तीस वर्षांत जमला नाही. तुला खात्यात घेतलं असतं तर सरकारचा फायदा झाला असता.

वाचनालयात जा म्हणतेस. गेल्तो. तिथं सगळे मान खाली घालून बसतात. फिरायला जा म्हणतेस. तेही करून पाहिलं. रस्त्यानं चालणाऱ्या माणसाला लोक “रामराम” म्हणतात आणि पुढं जातात. माणूस छपरावर असला म्हणजे खालच्याला मान वर करावी लागते. मान वर केली की गाडी थांबवावी लागते. थांबली की मी विचारतो, “कुठली गाडी? काय भरलंय?” आता त्यांना सांगायचं काही कारण नाही. पण सांगतात. कापूस म्हणतात, कडबा म्हणतात, कोणी लेकीला सासरी सोडायला चाललेला असतो. वरून गाडीतलं सगळं दिसतंच, तरी विचारायचं. नाक्यावरही दिसायचंच.

हे आपलं सहज लिहिलं. तुझ्या वहिनीला सांगू नको. म्हणेल, म्हातारचळ लागला.

शिडी झुंबरबाईंच्या माळ्यावर आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मागून आणणं अवघड नाही. पण शिडी गेल्यापासून तुझी वहिनी रात्री शांत झोपते. आधी माझ्या प्रत्येक खोकल्याला जागी व्हायची. म्हणून मागत नाही.

च्यवनप्राश गोड फार आहे. आणखी पाठवू नको.

मार्तंड

·

सदाशिव पेठ, पुणे
२१ ऑगस्ट १९३६

सौ. वहिनींना नमस्कार.

दादाचे पत्र आले. त्यात काय होते ते विचारू नका, सांगणार नाही. या पत्रात लिहिले आहे तसे करा, आणि का म्हणून विचारू नका.

बद्रीनाथला बोलावून माझा पत्रा काढून टाका.

हो, काढून टाका. तो निर्दोष आहे आणि हाच त्याचा दोष आहे. पन्हळ वरून उघडी राहू द्या. तिला आताच्या दुप्पट उतार द्या, म्हणजे पाला वर साचणार नाही, पाण्याबरोबर वाहत येईल. पन्हळ घराच्या कडेने वळवून रस्त्यावरच्या ओट्यापर्यंत आणा. हौद ओट्याच्या भिंतीलाच आतून लागून आहे, तेव्हा लांब न्यायचे नाही. ओट्यावर कमरेइतका विटांचा चौथरा बांधा. त्यावर पत्र्याची पेटी, आणि पेटीवर माझी पहिली पितळी जाळी. पाणी जाळीवर पडेल, गाळले जाऊन खाली नळीने हौदात जाईल. पाला जाळीवर राहील.

तुम्ही म्हणाल, मग घोंगडी होईल. व्हावी. जाळी अशीच हवी की ती दर सरीनंतर हाताने साफ करावी लागेल आणि नाही केली तर पाणी ओट्यावर येईल. बद्रीनाथ तिला उतरती करून आपोआप पाला पडेल अशी सोय सुचवील. ती करू देऊ नका. त्याला सांगा, चांगली नको, बरी हवी.

चौथऱ्याशेजारी बसायला फळी टाका. तोंड रस्त्याकडे. दादाला सांगा की दुर्गीने नवीन युक्ती काढली, पण ती सदोष आहे आणि तिला सतत देखरेख लागते.

वहिनी, पन्हळ पाल्याची आहे म्हणून आपण दोघी पाल्याकडे पाहत बसलो. मी तर त्याचा अभ्यासच केला. दादाचे पत्र वाचले आणि मला माझाच रस्ता दिसला. भाजीला जाताना मी रोज शाळेच्या फाटकावरून जाते. मंडई त्या बाजूला नाही.

काम झाले की कळवा.

दुर्गा

·

मस्तगड, जालना
७ सप्टेंबर १९३६

ती. वन्संना नमस्कार.

मी काही विचारलं नाही. तुम्ही म्हणालात तसं केलं. बद्रीनाथनं डोक्याला हात लावला. “चालती पन्हळ मोडायची? वहिनी, बाईंची तब्येत बरी हाय ना?” मी म्हटलं, तू मोड. उतरत्या जाळीचं त्यानं सुचवलंच. मी म्हटलं, चांगली नको, बरी हवी. तो गेला तेव्हा पुटपुटत होता.

यांना निरोप सांगितला. भिंतीकडचं तोंड न वळवता म्हणाले, “आता मी काही पाहायचा नाही तिची युक्ती.” दोन दिवस बाहेर आलेच नाहीत. माझा धीर सुटत चालला होता. मंग बाजारच्या दिवशी दुपारी जोराची सर आली. जाळीवर पाला बसला आणि पाणी ओट्यावर सांडायला लागलं. मी हात लावला नाही. झुंबरबाई धावत आल्या, जाळीला हात घालणार, तर मी त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, “अहो, पानी चाललं!” मी म्हटलं, “जाऊ द्या. तुमच्या गोवऱ्या तिकडं नाहीत.” आणि आत ओरडले, “अहो, वन्संची पेटी वाहून राह्यली, मला काही जमत नाही!”

आले. “या दुर्गीला एक काम धड येत नाही,” असं म्हणत आले. बाह्या सारल्या, पाला ओंजळीनं काढला, पाणी पुन्हा आत पडायला लागलं. पाऊस उघडला तरी तिथंच उभे, बोटानं एकेक पान काढत. तेवढ्यात पुंजारामाची गाडी आली. त्यानं कासरा ओढला. “नाकेदार! खाली आलात व्हय! अन् हे काय? चिंचेच्या पाल्याला बी नाका?”

हे मागं न पाहता म्हणाले, “बिनापावती आत काही जात नसतं. तुझ्या गाडीत काय आहे?”

“मुगाच्या शेंगा.”

“खाली कडबा कशाला मंग? कडब्याखाली काय?”

“कडब्याखाली गाडीचं लाकूड हाय, साहेब. बघता का?”

दोघंही असे हसले की बैल दचकले. पुंजाराम ओंजळभर शेंगा फळीवर ठेवून गेला. मी दाराआड उभी होते. वन्सं, चाळीस वर्षं मी या माणसाला जेवायला वाढते. हा छपरावर पाला काढायला म्हणून जात नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

आता सकाळी दाढी करून फळीवर बसतात. पाऊस नसला तरी वाऱ्यानं पाला उडून येतोच. उघड्या पन्हळीतला पाला कधी वर राहिला, तर झुंबरबाईंकडून लांब बांबू आणून खालूनच ढकलतात. शिडीचं नावही काढलं नाही. जेवण दोन्ही वेळा पुरतं. काल म्हणाले, डाळ जरा जास्तच शिजली.

आता माझी एक अडचण आहे. आपल्या न्हाणीच्या छपराला पन्हळ लावायची म्हणते. तिथंही चिंचेचा पाला फार. जाळी कोणती घ्यावी, उतार किती द्यावा, पाणी कुठं सोडावं, मला काहीच सुचत नाही. पत्रातून विचारलं तर वेळ जाईल, आणि बद्रीनाथ आता माझं ऐकत नाही. तुम्ही स्वतः पाहिल्याशिवाय हे काम होणार नाही. निदान महिना-दोन महिने तरी लागतील. अंथरूण-पांघरूण उन्हात घालून ठेवलंय.

द्वारका

·

सदाशिव पेठ, पुणे
१२ सप्टेंबर १९३६

सौ. द्वारकावहिनींना दुर्गेचा नमस्कार.

तुमचे पत्र आणि दादाचे कार्ड एकाच टपालाने आले. त्याने पेटीतले पाच दोष काढले आहेत आणि सहावा पाहून ठेवतो म्हणतो. शेवटी लिहितो: “न्हाणीवर चार पत्रे घालू या म्हणून मी तीन वर्षं सांगून राह्यलो, तुझी वहिनी म्हणते, उघडीच बरी.”

तेव्हा जे छपरच नाही त्याला कोणती पन्हळ बसवावी, हा तुमचा प्रश्न मी नीट वाचला. पाल्याचा पुष्कळ विचार केला. मोठी अडचण आहे, हे खरे. शाळेत असताना एखाद्या मुलीने असे काही लिहून आणले असते तर मी तिला बाकावर उभी केली असती. तुम्हाला लपवाछपवी जमत नाही, हे मी मागेच लिहिले होते.

अशा प्रश्नाचे उत्तर पत्रातून देता येत नाही. जागा पाहावी लागेल. खालच्या बिऱ्हाडाला तुळशीला पाणी घालायला सांगितले आहे. गुरुवारी निघते, मनमाडला गाडी बदलून शुक्रवारी दुपारपर्यंत पोचेन. स्टेशनवर दादाला पाठवू नका, पाऊस असेल तर त्याला पेटीवरून हलता येणार नाही. पुंजारामाची गाडी मिळाली तर पाहा. गाडीत काय आहे ते त्याला सांगता यावे म्हणून माझ्या सामानाची माहिती देते: एक ट्रंक, एक वळकटी, आणि पत्रा कापायची कात्री.

मी येईपर्यंत न्हाणीचा प्रश्न कोणालाही सोडवू देऊ नका.

दुर्गा